परदेशात राहायला जाताय? जुने लायसन्स किती दिवस चालते आणि पुढे काय करायचे

लायसन्सच्या कार्डावर अजून दहा-बारा वर्षांची मुदत छापलेली दिसते आणि माणूस निश्चिंत होतो. दुसऱ्या देशात राहायला गेल्यावर त्या तारखेला फारसा अर्थ उरत नाही. तुमचे लायसन्स तिथे किती दिवस चालेल, हे तुम्ही तिथले रहिवासी कधी झालात यावर ठरते. फिरायला आलेला पाहुणा त्याच कार्डावर निर्धास्त गाडी चालवतो. शेजारच्याच घरात भाड्याने राहणारा नवा रहिवासी तेच कार्ड खिशात ठेवून विनापरवाना ठरू शकतो.

याचे मूळ आंतरराष्ट्रीय करारांत आहे. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातले ४१ वे कलम सदस्य देशांना एकमेकांची लायसन्स मानायला सांगते, पण त्याच कलमात एक सूटही आहे. लायसन्स मिळाल्यानंतर ज्याने आपले नेहमीचे वास्तव्य दुसऱ्या देशात हलवले, त्याचे जुने लायसन्स मानायचे बंधन त्या नव्या देशावर नाही. म्हणजे तीन महिने, सहा महिने, वर्ष अशी जी मुदत मिळते ती त्या देशाने स्वतःच्या कायद्याने दिलेली सवलत असते. म्हणूनच ती प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे आणि म्हणूनच ती बदलतही राहते.

पहिली पायरी: मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची ते पक्के करा

फरक किती मोठा आहे ते पाहा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात रहिवासी झाल्यापासून १० दिवसांत तिथले लायसन्स घ्यावे लागते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ६० दिवस मिळतात. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरच्या लायसन्सला ६ महिने, नेदरलँड्समध्ये १८५ दिवस, ब्रिटनमध्ये १२ महिने. संयुक्त अरब अमिरातीत पर्यटक म्हणून चालणारे लायसन्स निवासी व्हिसा हाती पडल्यावर चालेनासे होते. ज्या देशांची लायसन्स तिथे थेट बदलून मिळतात त्यांच्या लोकांनाही आधी ती बदलून घ्यावी लागतात. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात हा विषय राज्याचा किंवा प्रांताचा आहे, त्यामुळे ‘अमेरिकेत किती दिवस चालते’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. राज्य बदलले की नियम बदलतो.

आता ‘रहिवासी झाल्याचा दिवस’ म्हणजे नेमका कोणता? कुठे विमानतळावर उतरल्याची तारीख धरतात, कुठे पत्त्याची नोंदणी केल्याची, कुठे निवासी व्हिसा मिळाल्याची. कुठे नोकरी, घराचा भाडेकरार, मुलांची शाळा असे पुरावे एकत्र पाहून ठरवतात. बहुतेकांची चूक इथेच होते. कुटुंबातला एक जण फेब्रुवारीत आला, दुसरा मे महिन्यात, आणि दोघेही मेपासून मोजतात. मोजणी प्रत्येकाची स्वतंत्र असते.

दुसरा गैरसमज म्हणजे एकदा देशाबाहेर जाऊन आले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तुम्ही रहिवासी आहात तोवर सुट्टीत केलेला प्रवास ही मोजणी थांबवत नाही. जपानने तर हे नियमातच लिहून ठेवले आहे: तिथे रहिवासी म्हणून नोंद असलेला माणूस बाहेर जाऊन ३ महिन्यांच्या आत परतला, तर त्या परतण्यापासून नवी मुदत सुरू होत नाही.

ज्या प्रांतात राहायला जाणार, तिथल्या लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर ‘नवे रहिवासी’ हे पान शोधा आणि त्यातले आपल्या व्हिसाला लागू होणारे वाक्य शब्दशः वाचा. पर्यटकांसाठीचे पान वाचून निष्कर्ष काढू नका. मग कॅलेंडरवर दोन तारखा लिहा: मुदत संपण्याचा दिवस, आणि त्याच्या किमान तीन महिने आधीचा अर्ज सुरू करण्याचा दिवस. मुदतच ६० दिवसांची असेल तर पोहोचल्याच्या आठवड्यातच कामाला लागायचे. अपॉइंटमेंट, डोळ्यांची तपासणी, भाषांतर आणि परीक्षेची तारीख यांत आठवडे सहज जातात, आणि अर्ज टेबलावर पडून आहे म्हणून मुदत कुणी वाढवून देत नाही.

आयडीपी म्हणजे काय, आणि काय नाही

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, हे लायसन्स नाही. ते तुमच्या लायसन्सचे ठरावीक नमुन्यातले भाषांतर आहे. खरा आयडीपी हाती घेऊन पाहिलात तर तो पासपोर्टपेक्षा थोडा मोठा, राखाडी कव्हरचा कागदी पुस्तकवजा दस्तऐवज असतो. आतल्या पानांवर वाहनांच्या वर्गांचा तोच तक्ता वेगवेगळ्या भाषांत छापलेला असतो. एका पानावर तुमचे नाव, जन्मस्थान, फोटो आणि वर्गांच्या अक्षरांसमोर रकाने असतात. ज्या वर्गाची परवानगी आहे त्याच रकान्यात शिक्का मारतात. आयडीपी हातात पडला की खिडकीवरून हलण्याआधी हे शिक्के तपासा. मोटारसायकलचा शिक्का राहून गेला तर मूळ कार्डावर तो वर्ग असूनही रस्त्यावर वाद घालत बसावे लागते.

आयडीपी दोन प्रकारचे प्रचलित आहेत आणि चुकीचा घेऊन गेलात तर तो नुसता कागद आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला जास्तीत जास्त १ वर्ष चालतो. १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला जास्तीत जास्त ३ वर्षे, आणि त्याआधीच मूळ लायसन्स संपत असेल तर तेवढाच. जपान फक्त १९४९ चा मानतो. जर्मनी आणि स्वित्झर्लंड १९६८ च्या करारात आहेत. चीनची मुख्य भूमी यांपैकी कोणताच आयडीपी मानत नाही, तिथे स्थानिक परवानाच काढावा लागतो. कव्हरवर कोणत्या कराराची तारीख आहे ते वाचा: १९ सप्टेंबर १९४९ की ८ नोव्हेंबर १९६८.

आयडीपी ज्या देशाने लायसन्स दिले तिथूनच मिळतो. नव्या देशात गेल्यावर तिथल्या कार्यालयातून जुन्या लायसन्सवर तो निघत नाही. त्यामुळे तो निघण्यापूर्वी घ्या, पण फार आधीही नको, कारण वर्षाची मोजणी दिल्याच्या दिवसापासून होते. इंटरनेटवर ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ म्हणून दहा-वीस वर्षे मुदतीची चकचकीत प्लॅस्टिक कार्डे विकली जातात. दोन्ही करारांतली कमाल मुदत वर सांगितली आहे. त्याहून जास्त मुदत दिसली की ते कार्ड खोटे आहे हे समजा. पोलिसांपुढे असे कार्ड ठेवणे हा काही देशांत स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

आयडीपी नेहमी मूळ कार्डासोबतच दाखवायचा, एकट्याला किंमत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे: तो ३ वर्षांचा असला तरी रहिवासी म्हणून मिळालेली ६ महिन्यांची मुदत त्यामुळे ३ वर्षांची होत नाही.

निघण्यापूर्वी गोळा करायची कागदपत्रे

हे काम मायदेशी असताना एक-दोन दिवसांचे असते. हजारो किलोमीटरवरून तेच महिनोन्महिने रखडते.

लायसन्सची मुदत पाहा. अर्जाच्या दिवशी मूळ लायसन्स चालू असलेच पाहिजे अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. वर्षभरात संपत असेल तर आधीच नूतनीकरण करून घ्या. स्थलांतर झाल्यानंतर सुट्टीत जाऊन नवे कार्ड काढले तर त्यावरची ‘दिल्याची तारीख’ तुम्ही परदेशात राहत असतानाची येते. मग समोरचा अधिकारी विचारतो, तेव्हा तुम्ही आमचे रहिवासी होता, मग तिकडचे लायसन्स कसे मिळाले? नूतनीकरण आणि नव्याने मिळालेले लायसन्स यांतला फरक कार्डावरून कळत नसेल तर अर्ज फेटाळलाही जाऊ शकतो.

यातच दुसरी मेख आहे. नूतनीकरणानंतरच्या कार्डावर पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख छापलेली आहे ना ते बघा. नसेल तर पंधरा वर्षे गाडी चालवणारा माणूस कागदावर दोन महिन्यांचा नवशिका दिसतो. अनुभवाची अट तिथेच अडते आणि विम्याचा हप्ताही चढतो. उपाय सोपा आहे: लायसन्स देणाऱ्या कार्यालयाकडून सही-शिक्क्याचे पत्र घ्या. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, लायसन्स क्रमांक, प्रत्येक वर्गाची पहिली तारीख, सध्याची मुदत आणि लायसन्स कधी निलंबित झाले का, एवढे सगळे असावे. ऑन्टॅरिओसारख्या ठिकाणी जुना अनुभव मोजून घ्यायचा तर अशा अधिकृत पत्राचीच मागणी होऊ शकते. नेहमीच्या परीक्षेतले महिन्यांचे थांबे टाळून थेट अंतिम रोड टेस्ट देता येते की नाही, ते या एका कागदावर ठरते.

नावे जुळवा. पासपोर्टवर पूर्ण नाव आणि लायसन्सवर नुसती आद्याक्षरे, मधले नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, लग्नानंतर बदललेले आडनाव, एका अक्षराचा फरक असलेले स्पेलिंग: यांपैकी काहीही असेल तर निघण्यापूर्वी लायसन्सवर दुरुस्ती करून घ्या. जन्मतारखेतली चूक तर अजिबात चालत नाही.

मोबाइलमधल्या ॲपवर दिसणारे लायसन्स मायदेशी चालत असले तरी परदेशात त्यावर विसंबू नका. प्रत्यक्ष कार्ड लागते. हाताने लिहिलेले जुने पुस्तकवजा लायसन्स असेल तर ते बदलून कार्ड घ्या.

जुने पासपोर्ट फेकू नका. लायसन्स काढल्यानंतर तुम्ही त्याच देशात किमान ३ महिने राहिलात याचा पुरावा जपान मागतो, आणि तो पुरावा म्हणजे बहुधा जुन्या पासपोर्टावरचे येण्याजाण्याचे शिक्के.

शेवटी विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे पत्र घ्या: किती वर्षे विमा होता, किती दावे झाले, कोणत्या तारखेपर्यंत. नवी विमा कंपनी ते मानेलच असे नाही, पण मानणाऱ्या आहेत आणि हप्त्यात खरा फरक पडतो.

हे सगळे कागद दोन्ही बाजूंनी रंगीत स्कॅन करून ठेवा. त्याचे कारण अर्जाच्या पायरीवर येईल.

तीन वाटा: तुमची कोणती?

नव्या देशात पोहोचल्यावर तुमच्या वाट्याला तीनपैकी एक वाट येते, आणि ती सहसा तुमच्या नागरिकत्वावर ठरत नाही. लायसन्स कोणत्या देशाने, काही ठिकाणी तर कोणत्या राज्याने दिले, त्यावर ठरते.

पहिली वाट थेट बदलून घेण्याची. दोन देशांत परस्पर करार असेल किंवा तुमच्या देशाचे नाव मान्य यादीत असेल तर परीक्षेशिवाय, फक्त कागदपत्रे आणि डोळ्यांच्या तपासणीवर नवे कार्ड मिळते. यालाही मुदत असू शकते. ब्रिटनमध्ये मान्य यादीतल्या देशाचे लायसन्स रहिवासी झाल्यापासून ५ वर्षांत बदलून घेता येते, पण गाडी चालवण्याची सवलत १२ महिन्यांचीच आहे. हे दोन आकडे वेगळे आहेत. ‘बदलून घ्यायला पाच वर्षे आहेत’ याचा अर्थ पाच वर्षे चालवता येते असा नाही.

दुसरी वाट अर्धी सवलत देते. शिकवणीच्या तासांची सक्ती नाही, पण परीक्षा आहे. जर्मनीत यादीबाहेरच्या देशाचे लायसन्स असेल तर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, मात्र नवशिक्याला जे सक्तीचे वर्ग आणि तास असतात ते लागत नाहीत. तरीही परीक्षेची गाडी डुअल कंट्रोलची, म्हणजे शेजारी बसलेल्या शिक्षकापाशीही ब्रेक असलेली, लागते आणि ती ड्रायव्हिंग स्कूलकडूनच येते, म्हणून शाळेत नाव नोंदवणे टळत नाही. सहा महिने उलटले म्हणून तिथे रूपांतराचा अर्ज करता येत नाही असे नाही. फक्त नवे कार्ड मिळेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

तिसरी वाट पहिल्यापासून. यादीबाहेरचे लायसन्स असलेला माणूस ब्रिटनमध्ये १२ महिन्यांनंतर शिकाऊ परवान्यावर येतो: गाडीला ‘एल’ पाटी, शेजारी किमान २१ वर्षांचा आणि ३ वर्षे पूर्ण लायसन्स असलेला माणूस. त्यामुळे तिथे शहाणपणाचा क्रम असा की शिकाऊ परवाना पहिल्या दोन-तीन महिन्यांतच मागवायचा, बारा महिन्यांच्या आतच दोन्ही परीक्षा उरकायच्या आणि तोवर जुन्या लायसन्सवर सराव चालू ठेवायचा.

वर्गांकडेही लक्ष द्या. मोटारीचा वर्ग ‘बी’ साधारणपणे ३,५०० किलोपर्यंतचे वाहन आणि चालकाशिवाय ८ आसने एवढाच असतो. नऊ प्रवाशांची व्हॅन किंवा मोठा सामानाचा ट्रक भाड्याने घेतलात तर तुम्ही वर्गाबाहेर गेलात. दुचाकीचे गणित आणखी कडक आहे. युरोपीय संघात ए१ वर्ग १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत, ए२ वर्ग ३५ किलोवॉटपर्यंत. मायदेशी एकाच शिक्क्यावर कोणतीही मोटारसायकल चालवत असाल तरी बदलताना कोणता वर्ग मिळेल ते आधी विचारा. बऱ्याचदा फक्त मोटारीचाच वर्ग बदलून मिळतो. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर युरोपीय कार्डावर ७८ हा संकेतांक येऊ शकतो, म्हणजे क्लचची गाडी चालवायची नाही. गिअरची सवय असेल तर ती गमावू नका, परीक्षा गिअरच्या गाडीवरच द्या.

अर्ज करताना

सहसा लागते ते असे: पासपोर्ट, व्हिसा किंवा निवास परवाना, पत्त्याचा पुरावा, मूळ लायसन्स, त्याचे भाषांतर, फोटो, डोळ्यांच्या तपासणीचा दाखला. जर्मनीत यादीबाहेरच्या लायसन्सला प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते, ते एका दिवसात होते.

भाषांतर कुणाचे चालते हे आधी विचारा. कुठे न्यायालयात शपथ घेतलेला भाषांतरकार लागतो, कुठे ठरावीक मोटार संघटनेचेच चालते, कुठे वकिलातीचे. मायदेशी पैसे देऊन आणलेले भाषांतर नव्या देशात नाकारले जाण्याची शक्यता मोठी असते, म्हणून ते काम पोहोचल्यावर करा.

डोळ्यांच्या तपासणीत युरोपीय संघात मोटारीसाठी दोन्ही डोळ्यांनी मिळून किमान ०.५ दृष्टी आणि १२० अंशांचे आडवे दृष्टिक्षेत्र लागते. ब्रिटनमध्ये २० मीटरवरची नंबरप्लेट वाचून दाखवावी लागते, आणि ती वाचता आली नाही तर परीक्षा तिथेच संपते. चष्मा लावून उत्तीर्ण झालात की कार्डावर तशी नोंद येते. मग चष्म्याशिवाय गाडी चालवणे हा नियमभंग आहे. जुना नंबर असेल तर नवा चष्मा आधी करून घ्या.

आता त्या स्कॅनबद्दल. बदलून देताना मूळ कार्ड जमा करून घेण्याची पद्धत युरोपात आणि इतरत्रही आहे. ते कार्ड बऱ्याचदा तुमच्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे परत पाठवले जाते. त्यानंतर मायदेशी सुट्टीत गाडी चालवायची तर नव्या देशाचे लायसन्सच वापरावे लागते, आणि ते तिथे चालते का हे आधी पाहावे लागते. जुने लायसन्स लपवून ‘हरवले’ म्हणून लिहून देऊ नका. दोन कार्डे बाळगणे अनेक ठिकाणी बेकायदा आहे आणि खोटे लिहून देणे त्याहून गंभीर.

अर्ज देताना एक प्रश्न खिडकीवर विचारायचाच: कार्ड जमा केल्यापासून नवे येईपर्यंत मी गाडी चालवू शकतो का, आणि कोणत्या कागदावर? हो म्हणाले तर तो कागद हातात घेऊनच निघा. तोंडी ‘चालेल’ पोलीस आणि विमा कंपनी यांच्यापुढे टिकत नाही.

परीक्षा: अनुभवी चालक कुठे नापास होतात

लेखी परीक्षेत अनुभवाने चालत नाही, पुस्तक वाचावेच लागते. ब्रिटनमध्ये ५० पैकी ४३ उत्तरे बरोबर लागतात, शिवाय व्हिडिओवर धोका ओळखण्याची वेगळी परीक्षा, त्यात ७५ पैकी ४४ गुण. ऑन्टॅरिओत ४० प्रश्न दोन भागांत, आणि प्रत्येक भागात २० पैकी १६. जर्मनीत ३० प्रश्न आणि जास्तीत जास्त १० चूक-गुण. पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर दहाच्या आत असूनही नापास. जपानने ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी लायसन्स बदलण्याची लेखी परीक्षा १० प्रश्नांवरून ५० प्रश्नांवर नेली आणि उत्तीर्ण होण्याची रेषा ९० टक्क्यांवर. आधी जाऊन आलेल्या मित्राचा ‘काही अभ्यास लागत नाही’ हा सल्ला अशा वेळी घात करतो.

प्रत्यक्ष परीक्षेत वीस वर्षे गाडी चालवणारे लोक पहिल्या फेरीत पडतात, आणि त्याचे कारण हात नसून डोळे असतात. परीक्षकाला तुम्ही पाहिले हे दिसले पाहिजे. लेन बदलताना आतला आरसा, बाजूचा आरसा आणि मग मान वळवून खांद्यावरून मागे एक नजर, हा क्रम दर वेळी. फक्त डोळे फिरवून आरसा पाहिला तर परीक्षकाच्या कागदावर ते ‘पाहिले नाही’ असेच नोंदले जाते. त्या मानेच्या नजरेचे कारण खरे आहे: दोन्ही आरशांत न दिसणारी जागा गाडीच्या मागच्या दाराशेजारी असते आणि तिथे एक सायकलस्वार पूर्ण मावतो.

स्टॉपच्या पाटीवर चाके पूर्ण थांबली पाहिजेत. हळू होऊन, मोकळे आहे पाहून सरकणे म्हणजे नापास. रेषेच्या अलीकडे थांबा, गाडी स्थिर झाली की मनात तीन मोजा, दोन्हीकडे पाहा, मग निघा. रेषेवरून दिसत नसेल तर हळू पुढे येऊन दुसऱ्यांदा थांबायचे.

खुणा नसलेल्या चौकात कुणाला आधी जाऊ द्यायचे हे नीट शिका. जर्मनी, फ्रान्स आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी, मग तो अरुंद गल्लीतून येत असो आणि तुम्ही रुंद रस्त्यावर असा. मोठा रस्ता आपला, ही सवय घेऊन आलेला माणूस निवासी वस्तीतल्या तिसऱ्या चौकात परीक्षा गमावतो. ब्रिटनमध्ये असा उजवीकडचा नियम सर्वसाधारण चौकांना नाही. अमेरिकेत लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळण्याची मुभा बहुतेक ठिकाणी आहे, पण न्यूयॉर्क शहरात पाटी नसेल तिथे नाही, आणि युरोपात सरसकट नाही. अमेरिकेत शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत उभी असेल तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यानेही थांबायचे असते.

संथ चालवणे सुरक्षित वाटते, पण मोकळ्या रस्त्यावर मर्यादेपेक्षा फार कमी वेग हीसुद्धा चूक धरतात. झेब्रा क्रॉसिंगपाशी पादचारी नुसता उभा असला तरी थांबायची तयारी दिसली पाहिजे. हॉर्न फक्त धोक्यासाठी. ब्रिटनच्या परीक्षेत १५ किरकोळ चुका माफ असतात, गंभीर एकही नाही.

यासाठी स्थानिक शिक्षकाचे दोन-तीन तास घ्या आणि पहिल्याच तासाला सांगा: मला चालवायला शिकवू नका, माझी परीक्षा घ्या आणि चुका लिहून द्या.

रस्त्याची बाजू बदलली असेल तर

स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला गेले की पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाची गाडी शेजारच्या सीटच्या बाजूला सरकते. कारण असे की तुमच्या डोळ्याला रस्त्याची कड स्वतःच्या खांद्यापासून ठरावीक अंतरावर पाहायची सवय असते. आता त्या खांद्यापाशी मधली रेषा आहे. ती फार जवळ वाटते आणि हात आपोआप उलट बाजूला ओढतात. आरसे पदपथाला आणि उभ्या गाड्यांना घासतात ते यामुळे. तुमचे शरीर रस्त्याच्या मध्याकडे असले पाहिजे, ही एक खूण मनात धरा.

चुकीच्या बाजूला जाणे गर्दीत सहसा होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. धोका रिकाम्या रस्त्यावर असतो: पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, पहाटे, एकेरी रस्ता संपून दुहेरी सुरू होतो तिथे. या तीन जागी वळण्याआधी मोठ्याने बोला, ‘मी मधल्या रेषेकडे.’ राउंडअबाउटमध्ये फिरण्याची दिशाही उलटी होते: डावीकडून चालणाऱ्या देशांत घड्याळाच्या काट्याप्रमाणे, उजवीकडून चालणाऱ्यांत उलट. पायी चालतानाही रस्ता ओलांडण्यापूर्वी दोन्हीकडे पाहा, पहिली नजर चुकीच्या बाजूला जातेच.

पहिले तास रविवारी सकाळी मोकळ्या पार्किंगमध्ये घालवा. इंडिकेटर लावायला गेलात आणि वायपर फिरला तर गोंधळू नका, काही गाड्यांत दांड्या उलट्या असतात. वेगाचे एककही पाहा: अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पाट्या मैलांत आहेत, ३० म्हणजे ताशी सुमारे ४८ किलोमीटर.

विमा

विमा घेताना ‘परदेशी लायसन्स’ हा पर्याय खरा भरा, पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख आणि आधीचे अपघातही खरे लिहा. चुकीची माहिती निघाली तर दावा नाकारला जातो. मुदत संपल्यानंतरच्या पहिल्याच दिवशी किरकोळ धडक झाली तरी तुम्ही कायद्याने लायसन्सशिवाय चालक असता. समोरच्याचे नुकसान विमा कंपनीने भरले तरी ती ते पैसे तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. जर्मनीत तर लायसन्सशिवाय चालवणे हा फौजदारी गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा आहे. ज्याने जाणूनबुजून अशा माणसाला गाडी दिली त्या मालकालाही तेच कलम लागते. जोडीदाराच्या नावावरची गाडी चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

भाड्याच्या गाडीचे नियम कायद्याहून वेगळे असतात. पोलिसांना चालणारे लायसन्स कंपनीला चालेलच असे नाही. किमान वय, लायसन्सला किमान एक वर्ष, रोमन लिपीत नसेल तर आयडीपी, या अटी बुकिंग करताना वाचा, काउंटरवर नाही.

नवे कार्ड आल्यावर

पाकीट उघडल्याबरोबर नाव, जन्मतारीख, वर्ग, प्रत्येक वर्गासमोरची पहिली तारीख आणि मागच्या बाजूचे संकेतांक तपासा. युरोपीय कार्डावर ७० हा संकेतांक आणि पुढे जुना क्रमांक दिसेल, म्हणजे हे लायसन्स बदलून मिळालेले आहे. पुढे तिसऱ्या देशात गेलात तर ही नोंद अडचण करू शकते, कारण काही देश दुसरीकडून बदलून आलेले लायसन्स पुन्हा बदलून देत नाहीत. मूळ कार्डाचे स्कॅन आणि कार्यालयाचे पत्र तेव्हा पुन्हा लागेल. विमा कंपनीला नवा क्रमांक त्याच आठवड्यात कळवा, आणि घर बदलले की लायसन्सवरचा पत्ताही ठरलेल्या दिवसांत बदला. कॅलिफोर्नियात पत्ता कळवायलाही १० दिवसच मिळतात.